ऑफच्या घरच्या सुना

बाजरी काढायला आली की घरात दोन हात जास्त लागत्यात, आन नेमकी त्याच वक्ताला आमच्या सुनंची इंग्रजीची परीक्षा येती. औंदाची तिसरी खेप. लग्नाआधी एकदा गचकली, लग्नानंतर एकदा गचकली. बाकी सगळ्यात पास, फकस्त इंग्रजीत नापास. सरकारनं ऑक्टोबरात परीक्षा ठेवलीया, त्या सरकारच्या घरी बाजरी नसावी.

कस्तुरा तिचं नाव. माहेर महाळुंग्याचं. कामाला वाघीन हाय, ते मी कुनाम्होरं बी सांगीन. पर औंदा पात धरली की घटकाभर इळा चालायचा आन मंग थांबायचा. मी वळून बघावं तर ही बाजरीत उभी, कनवटीचा कागद काढलेला, आन व्हट पुटपुटत्यात.

आमच्या मालकांनी पोळ्यालाच सांगून ठेवलं व्हतं. नाव मी त्यांचं घेत न्हाई, गावाला म्हाईत हाय. म्हनले, "ही शेवटची. औंदा नापास झाली तर सगळी पुस्तकं शफीच्या दुकानात. मीठ-मिरची बांधायला तरी कामाला येतील." आन मालक बोलले म्हंजी बोलले. एकदा बैल इकीन म्हनले, तर सकाळी गोठ्यात दावं फकस्त उरलं व्हतं.

कस्तुराला ती परीक्षा कशाला पायजे व्हती, ते बी सांगते. भोसरीला गानी ऐकायच्या रेडूचं सुटं भाग जोडायची एक नवी कंपनी निघाली व्हती. तितं बाया घेनार, पर मॅट्रिक झालेल्या. शफी दुकानदाराची लेक फरीदा आधीच पास झालेली, तिचं नाव लागलं व्हतं. ह्या दोघींचं गूळपीठ. कस्तुराला तिच्यासंगं जायचं व्हतं, दुसरं काय न्हाई. रातंदिस एकच ध्यान, कंपनीची गाडी आन त्या गाडीत खिडकीला बसायचं.

मला काय वाटत व्हतं म्हनाल, तर मला बाजरीचं वाटत व्हतं. आमचा ल्योक हिंदुराव पिंपरीला कंपनीत, आज दिवसपाळी, उद्या रातपाळी. रोज दिवेलागनीला मी दत्तोबाच्या ओट्यावर जाऊन बसते, कारन कंपनीतनं येनाऱ्या सायकली तितंच वळत्यात. गावातला एकूनएक गडी त्या वळनानं कंपनीत गेला. दुष्काळ सरून चार सालं झाली, पर गेलेला गडी शेतात मागं आला न्हाई. मजूर म्हनून हाक मारली तर बांधावर कावळा बी येत न्हाई. राह्यली ती सावड. आमी तुमच्या रानात, तुमी आमच्या रानात. साहेबरावाच्या घराची आन आमची सावड माझ्या सासूपासनं चालत आलीया. त्यांच्या चार सुना म्हंजी चार इळं. त्यांची बाजरी आमी काढून दिली व्हती. आता पाळी आमची व्हती.

त्येच्या आधी बांधाकडंची चिंचोळी पट्टी आमी घरच्या घरी कापायला घेतली. मी, कस्तुरा, आन शेळ्यांना पाला न्यायला आलेली फरीदा. ऊन असं की कानसुलं भाजत व्हती. बाजरीची कूस गळ्यात जाऊन खाज सुटलेली. आन ही पुन्हा थांबली.

मी इळा खाली टाकला, गेले, तिच्या हातातला कागद घेतला आन माझ्या चोळीत खोचला.

"हातानं काप आन तोंडानं पाठ कर," मी म्हनलं. "तोंडाला काय इळा लागतोय व्हय?"

"पाठच व्हत न्हाई आत्याबाई," ती रडकुंडीला आली. "इंग्रजीत शब्दाम्होरं एक बारका शब्द येतो. ऑफ, ऑन, फॉर, असले. कुठल्या शब्दाम्होरं कुठला, ते ठरलेलं. भलता लावला की मार्क गेला."

"मंग नियम शिक की."

फरीदा पाल्याचा भारा बांधत व्हती. ती म्हनाली, "काकू, नियमच न्हाई त्याला. आता बघा, अफ्रेड म्हंजी भिनारी. त्याम्होरं ऑफ येतं."

"आपन म्हनतो सासूला भिते. ला. त्यांच्यात ‘ला’ ला काय म्हनत्यात?"

"टू."

"मंग अफ्रेड टू."

"न्हाई काकू, ऑफ."

"का?"

"का बी न्हाई. तसंच हाय. आन मॅरिड म्हंजी लगीन झालेली, तिला मातर टू."

"लगीन नवऱ्यासंगं लागतं. नवऱ्याला कुठं लागतंय?"

"त्यांच्यात लागतं," फरीदा म्हनाली, आन दोघी पोरी खुदूखुदू हसाया लागल्या.

मला काय हसू आलं न्हाई. मी पात धरली आन कापता कापता डोक्यात एकच चाललं, ज्याला नियम न्हाई ते मानसं ध्यानात कसं ठेवत्यात. पातीच्या टोकाला पोचले आन कंबर सरळ केली तवा उमगलं. आगं, आमी बाया जल्मभर दुसरं करतो काय?

"कस्तुरा," मी म्हनलं, "साहेबरावाची थोरली सून कुठली?"

"थेरगावची."

"ती साहेबरावाच्याच घरात का आली? दत्तोबाच्या घरात का न्हाई गेली? नियम हाय का काय?"

"न्हाई."

"ठरलं आन झालं. आता मरूस्तवर ती त्या घरची. मला आख्ख्या शिवाराच्या सोयरिकी तोंडपाठ हाईत, कुनाची लेक कुठं दिली आन कुनाची सून कुठनं आनली. कागदावर लिहून दिल्या व्हत्या का कुनी मला? तुझा शब्द म्हंजी सून. आन ती बारकी शेपटं म्हंजी घरं. कुठली सून कुठल्या घरात, येवढंच ध्यानात ठिवायचं."

कस्तुरा माझ्याकडं बघतच राह्यली. मंग म्हनाली, "ऑफचं घर लई मोठं हाय, आत्याबाई. लई सुना हाईत."

"मंग ते साहेबरावाचं."

अशी वाटनी सुरू झाली. ऑफ म्हंजी साहेबरावाचं घर. त्याची थोरली सून सासूचं पाऊल वाजलं की दचकती, ती अफ्रेड. दुसरीचं ध्यान सदा शेजारनीच्या लुगड्यावर. फरीदा म्हनाली, त्याला जेलस म्हनत्यात. तिसरी कमरंवर हात ठेवल्याबिगार उभी राहत न्हाई, ती टायर्ड. धाकटी गुळाच्या ढेपंला बिलगलेली असती, ती फॉन्ड. "आन एक प्राऊड उरली," फरीदा म्हनाली. "प्राऊड म्हंजी ताठ मानंची." त्येला मला इचार बी करावा लागला न्हाई. साहेबरावाची मालकीन कुसुम, ती सोताच.

ऑन म्हंजी चिमाजीचं घर, कारन चिमाजी सदा खाटंवर, पानी सुदिक सुनंनं हातात द्यायचं. डिपेंड ऑन. आन दत्तोबाला फॉर दिलं. त्याच्या घरात फेमस घातली, त्याच्या मालकिनीच्या हातच्या ठेच्याचं नाव पार देहूपातुर हाय म्हनून.

त्या दिसापासनं इळा थांबला न्हाई. मी पातीच्या ह्या टोकाकडनं हाळी घालायची, "साहेबरावाची थोरली?" तिकडनं कस्तुरा, "अफ्रेड ऑफ." "दुसरी?" "जेलस ऑफ." "तिसरी?" "टायर्ड ऑफ." कनसं सपासप पडायची. मला त्यातलं काय कळत व्हतं म्हनाल तर कपाळ. पर पोरगी कापत व्हती, पाठ व्हत व्हतं, आन मधी मधी फरीदा येवढी हसायची की तिची शेळी बी तोंड वर करून बघायची.

चूक एकच झाली. आमची ती पट्टी साहेबरावाच्या बांधाला लागून. बांधापल्याड त्यांच्या सुना कनसं मोडत बसल्या व्हत्या. आन मी हाळी घालते ती सवयीनं, वड्यापातुर जाती.

सावडीचा दिस उजाडला. मी पहाटं उठून भाकरीची चळत घातली, कोरड्यास केलं, कांदं फोडायला काढून ठेवलं. दिस कासराभर वर आला तरी कुनी आलं न्हाई. बांधावर गेले. साहेबरावाच्या रानात चारी सुना बसल्या व्हत्या. काम नव्हतंच त्यांना, मी बघतीया हे बघायला बसल्या व्हत्या. मी हात केला. थोरलीनं मान खाली घातली. दुसरीनं फिरवली.

आन पश्चिमंला आभाळ भरून आलेलं. चित्रा नक्षत्राचा पाऊस लई वाईट. उभ्या कनसाला कोंब आनतो. तीन पोती व्हायची बाजरी कोंबड्यांना सुदिक चालत न्हाई मंग.

दुपारी दत्तोबा आला, मान खाजवत. पंच म्हनून सगळीकडं त्याचं नाक असतंय. म्हनाला, "वहिनी, साहेबरावाच्या घरात लई पेटलंय. तुमी त्यांच्या सुनांना नाव घेऊन घेऊन इंग्रजीत शिव्या देताय म्हनं."

"शिव्या?"

"तिसरी म्हनती, मला टायर म्हनली. हाय जरा अंगानं, पर म्हनून काय बांधावरनं वरडायचं?"

मी कपाळावर हात मारला. मालक तितंच दाव्याला पीळ देत बसले व्हते. त्यांनी पीळ पुरा केला, गाठ मारली आन कस्तुराकडं न बघता बोलले. "परीक्षा कवा हाय?"

"परवा, मामंजी."

"बाजरी आडवी हुईपातुर घरातलं कुनी भाईर जायचं न्हाई."

परवापातुर तीन बायांनी ती बाजरी आडवी व्हनार नव्हती, हे त्यांना म्हाईत व्हतं, मला म्हाईत व्हतं आन कस्तुराला बी. ती तशीच उठली. इळा घेऊन रानात गेली आन अंधार पडूस्तवर एकटी कापत राह्यली. घरी आली तवा करंगळी चिरलेली. चिंधी बांधली व्हती तिनं, पर भाकरी थापताना पिठाला लाल लागत व्हतं. हिंदुरावनं तिच्या हातातली काटवट काढून घेतली, आन त्या रातच्या भाकरी त्यानं थापल्या. आकार इचारू नका. मालक गुमान खात व्हते.

मला राग आला व्हता. साहेबरावाचा आला, आभाळाचा आला, मालकांचा आला. आन सगळ्यात जास्त ह्याचा की शक्कल माझी, घसा माझा, आन भोगायचं त्या पोरीनं.

सकाळी मी फरीदाला संगं घेतलं आन साहेबरावाच्या दारात गेले. जल्मात मी त्या दारात मागायला गेले नव्हते. कुसुम जोत्यावर मठ पाखडत बसली व्हती. तिनं मान वर केली न्हाई. बस म्हनली न्हाई, पोतं टाकलं न्हाई, पान्याचं तर नावच नको. मी आपलीच पायरीवर बसले. चारी सुना दाराआड उभ्या, बांगड्या तेवढ्या वाजत व्हत्या.

"काय काढलंस सुमन," सुपातल्या मठाला इचारल्यावानी ती बोलली.

"कुसुमताई, शिव्या न्हाई दिल्या. पोरीचा अभ्यास घेत व्हते."

"आमच्या सुनांच्या नावानं?"

मी सगळं सांगाया गेले. शब्द म्हंजी सून, बारका शब्द म्हंजी घर. माझं मलाच ते येड्यावानी वाटाया लागलं. कुसुम नुसती पाखडत व्हती. मधीच थांबली.

"बरं. मंग माझ्या थोरलीला काय म्हनलीस, त्याचा अर्थ सांग."

झालं का आता. भित्री म्हनू? दारात बसून सासूम्होरं सुनंला सासूला भिनारी म्हनू? तवा फरीदानं वढनी नीट केली आन म्होरं झाली. दुकानात वाढलेली पोर ती. जुना गूळ नवा म्हनून न्हाई इकनार, पर जुन्या गुळाचं चार गुन सांगंल.

"काकी, अफ्रेड म्हंजी मोठ्यांची मर्यादा राखनारी," ती म्हनाली.

दाराआड बांगड्या थांबल्या.

"आन दुसरी?"

"जेलस. म्हंजी जिचं सगळीकडं बारीक ध्यान असतं. डोळ्यात त्याल घालून."

"हाय खरं ध्यान तिचं," कुसुम म्हनाली. "आन ती टायर?"

"टायर्ड, काकी. लई काम करून दमलेली."

तिसरी दाराआडनं भाईरच आली. कमरंवर हात ठिवून म्हनाली, "बघा आत्याबाई. इंग्रजीत सुदिक कळलं, ह्या घरात कोन दमतं ते." धाकटीला फरीदानं मायाळू करून टाकली. मी पायरीवर बसून ऐकत व्हते आन मनात म्हनत व्हते, वा गं पोरी, तू कंपनीत कशाला जातीयास, तू वकील हो.

मंग कुसुमनं सूप खाली ठेवलं. "आन मला काय ठेवलंय?"

मी खाली बघितलं. पायाच्या अंगठ्यानं मी पायरी खरवडत व्हते.

"तुमाला प्राऊड," फरीदा म्हनाली. "जिला आपल्या घराचा अभिमान हाय, ती प्राऊड. त्या घरातला सगळ्यात मानाचा शब्द हाय तो, काकी. सुमनकाकूंनीच म्हनलं, ह्यो दुसऱ्या कुनाला न्हाई द्यायचा."

हे शेवटचं तर सोळा आने खरं व्हतं.

कुसुमनं पदर सारखा केला. मंग आत बघून म्हनाली, "पोतं टाक गं सुमनला. आन चहा ठेव. गुळाचा नगं, साखरंचा."

चहाच्या वासावर दत्तोबा आला. त्याला सगळं कळलं तवा बशी व्हटाला लावायची इसरला. "आमच्या घराला काय?"

"फॉर. त्यात फेमस. म्हंजी नावाजलेली. ठेच्याबद्दल."

"आन?"

"बास. येवढंच."

"येकच?" दत्तोबाचं तोंड उतरलं. "साहेबरावाच्या घरात पाच आन पंचाच्या घरात येक? त्या टायरला दे माझ्याकडं लावून."

"काका, ह्या सोयरिकी इंग्रजांनी केलेल्या हाईत," फरीदा म्हनाली. "मला मोडता येत न्हाईत."

"गेले की इंग्रज."

"सोयरिकी ठिवून गेले."

"एखांदी असंल उरलेली. कस्तुराला इचार. काळी-सावळी बी चालंल." दत्तोबा हट्टाला पेटला की मानपानात कुनाला ऐकत न्हाई. पुतन्याच्या लग्नात टोपीवरनं रुसून जानवशाला आडवा झाला व्हता त्यो.

निघताना कुसुम मला दारापातुर घालवाया आली. म्हनाली, "सगळ्या गावाला वाटलंस. तुला काय ठेवलंय गं?"

खरंच की. माझ्या घराला काय न्हाई, मला काय न्हाई. वाढपीन उपाशी ती उपाशीच. सांजच्याला मी कस्तुराला इचारलं, सहज इचारल्यावानी, चुलीत फुकता फुकता. ती कंदिलाची काच पुशीत व्हती. "तुमाला कशाला शब्द, आत्याबाई," म्हनाली आन हसली. मला ते लागलं. तिच्यासाठी मी त्या दारात पायरीवर बसून आले, आन हिला माझ्यापुरता एक शब्द सापडंना. दिवेलागनीला दत्तोबाच्या ओट्यावर जाऊन बसले आन हिंदुरावाची सायकल रातपाळीला वळून जाईस्तवर तशीच फुगून राह्यले.

परीक्षेच्या दिशी उजाडायच्या आधीच साहेबरावाच्या चारी सुना इळं घेऊन बांधावर हजर. माघारी कुसुम. तिनं इळा हातात धरून किती सालं झाली व्हती देव जानं. दत्तोबाची मालकीन ठेच्याचं मडकं घेऊन आली. फरीदा आली. आन पातीच्या तोंडाशी आमची कस्तुरा, लुगड्याचा वचा खोचून, करंगळीला चिंधी, कापायला वाकलेली. मालक बांधावर उभं. त्यांनी हुकूम सोडला व्हता आन तिनं तो पाळला व्हता.

कुसुम सरळ चालत गेली आन तिनं कस्तुराच्या हातातला इळा काढून घेतला.

"परीक्षा हाय ना तुझी?"

"मामंजी म्हनले, बाजरी—"

"उद्धवराव," कुसुम बांधाकडं वळून बोलली, "आमच्या घराची इज्जत तिकडं पेपरात लागलीया आन तुमी सुनंला इथं कापाया लावताय? तिनं आमची एखांदी सून भलत्याच घरात घातली तर कोन जबाबदार?"

मालकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. कुसुमम्होरं साहेबरावाचं बी काय चालत न्हाई, ह्यांचं काय चालनार. "आमी कुठं नगं म्हनलं," ते म्हनाले. "बाजरीला मानसं आली, झालं की."

हिंदुराव रातपाळी करून आला व्हता, डोळं तांबारलेलं. तसाच त्यानं सायकल फिरवली. कस्तुरा मागं बसली, पायाची माती बी धुतली न्हाई. कुसुम मागनं वरडली, "आमी पाचीजनी एकाच घरात, ध्यानात ठिव."

तो दिस मी इसरनार न्हाई. वारं पडलेलं, आभाळ हाताला लागंल येवढं खाली, अंगाला घामाची चिकचिक, आन बाया नुसत्या तुटून पडलेल्या. एक पात सरली की थोरली आपसुक वरडायची, "अफ्रेड!" आन बाकीच्या म्हनायच्या, "ऑफ." तिसरी तर दर पेंढीला टायर्ड म्हनत व्हती, आन कापत व्हती सगळ्यांच्या म्होरं. मालक पेंढ्या वाहत व्हते. त्यांना मी पेंढ्याच्या मापात "ऑफ, ऑफ" म्हनताना सोता ऐकलं. इचारलं तर म्हनत्यात, दम लागला व्हता.

शेवटची पेंढी गंजीला लागली आन थेंब आलं. ताडपत्रीचं तिसरं टोक माझ्या हातनं निसटलं, तर ते एका हातानं धरलं. बघते तर कस्तुरा. आली तशी धावत आली व्हती. तोंडावर पानी, ते पावसाचं का कशाचं कळंना. मी इचारलं न्हाई. टोक बांधलं आधी.

निकाल आला तवा बाजरी इकून झाली व्हती आन शाळूला कनसं धरली व्हती. फरीदा वढनी सावरत धावत आली, लांबनंच वरडत, आन दोघी पोरी गोठ्याम्होरं एकमेकींच्या गळ्यात पडून येड्यावानी उड्या मारत बसल्या. म्हस बुजली. पास. काठावर का व्हईना, पास. मालक आत गेले. फडताळात पुस्तकं व्हती, त्यांच्यावरची धूळ त्यांनी टोपीनं झटकली आन भाईर येऊन म्हनाले, "फरीदा, तुझ्या बापाला सांग. मिरची दुसऱ्या कागदात बांध म्हनावं."

त्या रातीला कस्तुरा माझ्यासंगं चुलीम्होरं बसली. म्हनाली, "आत्याबाई, एक सांगू? पेपरात एक शब्द असा आला, जो आपन कुनालाच दिला नव्हता. वेट."

"मंग? चुकला?"

"न्हाई. वाचला आन मला तुमी दिसल्या. दत्तोबाकाकांच्या ओट्यावर बसलेल्या, पदर डोक्यावर, रस्त्याकडं तोंड. त्यांचं घर फॉर. मी फॉर लिहून टाकलं. तुमाला शब्द व्हता, आत्याबाई. मला पाठ करावा लागला न्हाई येवढंच. रोजच दिसायचा."

"वेट म्हंजी काय?"

"वाट बघनं."

मी चुलीतलं लाकूड मागं वढलं. धूर झाला, ते बरं झालं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. पर तोंडानं म्हनलं, "भली गं भली. त्या कुसुमला मान, धाकटीला माया, आन सासूला दिलंस काय, तर ताटकळनं."

आता कस्तुरा कंपनीत जाती. गाडी दत्तोबाच्या घराम्होरंच थांबती. फरीदानं दत्तोबाला सगळं सांगितलं, त्या पोरीच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. तवापासनं मी ओट्यावर टेकले की त्यो आत हाळी देतो, "अगं ए, आपली धाकटी सून आली. पाट टाक तिला." माझ्यापरीस बारा वर्सांनी लहान हाय मेला. साहेबरावाला वाटंत गाठून सांगतो, आमच्या घरात बी आता दोन झाल्या म्हनून. आन त्याची मालकीन हसत चहा आनती.

काल गाडीला लई उशीर झाला. सायकली सगळ्या येऊन गेल्या, हिंदुराव बी म्होरं घरी गेला. वळनावर अंधार पडला. गाडी आली, फरीदा उतरली, तिच्यामागनं कस्तुरा उतरली, हातात डबा, अंगाला त्या कंपनीतल्या डांबराचा का कशाचा वास. मला बघून थबकली.

"लई येळ बसलाय का, आत्याबाई?"

"न्हाई गं," मी म्हनलं. "आत्ताच टेकले."

"खोटं बोलतीया," आतनं दत्तोबा वरडला. "तिसरा चहा चाललाय तिचा."